हिरोशिमाचं आओगिरी, जळालं तरी पालवी फुटलेलं झाड

आपण नाशिककर, झाडाखाली उभं राहून गोष्ट सांगणं आपल्याला नवीन नाही, पंचवटीत येणारा प्रत्येक भाविक सीतागुंफेजवळचे वड बघतो आणि कोणीतरी त्याला वनवास सांगतं. ६ ऑगस्ट जवळ आला की मला असंच एक लांबचं झाड आठवतं, हिरोशिमाचं आओगिरी. आपल्या सह्याद्रीत उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळून केशरी फुलणारी कौशी आहे ना, तिच्याच कुळातलं.

१९४५ ला हे झाड पोस्ट-टेलिग्राफ खात्याच्या ऑफिसच्या अंगणात होतं, अणुबॉम्ब जिथे फुटला तिथून साधारण १.३ किलोमीटर. ६ ऑगस्टला सकाळी ८:१५ वाजता, जमिनीपासून सुमारे ६०० मीटर वर स्फोट झाला, मध्ये आडोसा काहीच नव्हता, त्यामुळे पानं-फांद्या गेल्याच आणि स्फोटाकडच्या बाजूने खोड जळून पोकळ झालं. शहरात तेव्हा बोललं जायचं की इथे ७०-७५ वर्षं गवतही उगवणार नाही. पण पुढच्या वसंतात त्याच काळ्या खोडाला पालवी फुटली. मुळं मातीखाली शाबूत होती, खोडाची मागची बाजूही जिवंत होती.

त्याच ऑफिसात सुझुको नुमाता नावाची २२ वर्षांची मुलगी कामाला होती. इमारतीखाली सापडून तिचा डावा पाय गेला, तोही भूल न देता कापावा लागला, आणि ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो आधीच युद्धात मेला होता हे तिला नंतर कळलं. जगायचंच नाही असं तिने ठरवलेलं, तेव्हा तिला या झाडाची कोवळी पानं दिसली. मला हे कितीही वेळा वाचलं तरी घशात काहीतरी अडकतं. पुढे ती शिक्षिका झाली आणि म्हातारपणी शाळेच्या पोरांना याच झाडाखाली उभं राहून सगळं सांगायची, २०११ मध्ये गेली.

झाड १९७३ ला पीस पार्कमध्ये हलवलं. अशी बॉम्बमधून वाचलेली साधारण १६० झाडं हिरोशिमात आहेत, प्रत्येकावर पाटी आहे, आणि त्यांच्या बिया देशोदेशी जातात. आओगिरीच्या जखमेला आता साल दोन्ही कडांनी वेढा घालतेय, पोकळी मात्र अजून दिसते, आणि शेजारी त्याच्याच बीपासून वाढलेलं दुसरं झाड उभं आहे.