इव्हेंट सोर्सिंगपासून सबस्क्रिप्शन क्वेरीपर्यंत

नागपुरात कळमन्याच्या आडतीवर रोजकीर्दीतली नोंद खोडायची नसते. चुकली तर उलट नोंद टाकायची, आणि कीर्दीवरून खतावणी केव्हाही नव्याने मांडायची. इव्हेंट सोर्सिंग म्हणजे हेच: घडलेला प्रत्येक बदल इव्हेंट म्हणून जपायचा आणि सद्यस्थिती त्यावरून काढायची. डेटाबेसही आतून आधी लॉग लिहितो, मग टेबल बदलतो. मार्टिन फाउलर यांनी २००५ साली या पद्धतीवर सविस्तर लिहिले, एवढेच.

खरा पेच पुढे आला. बदल करणारे आणि उत्तर देणारे फंक्शन वेगळे असावे, हे बर्ट्रांड मेयर यांचे १९८८चे तत्त्व. ग्रेग यंग यांनी ते संपूर्ण प्रणालीला लावले, तेच सीक्यूआरएस: लिहिण्याची बाजू वेगळी, वाचनाची वेगळी. संत्र्याच्या लिलावाचे ॲप घ्या. ‘बोली लागली’, ‘वजन झाले’, ‘पट्टी निघाली’ हे इव्हेंट. लिलाव क्रमांक आणि अनुक्रमांक या जोडीवर युनिक बंधन असते, त्यामुळे एका लिलावात एकाच वेळी ४२ या अनुक्रमांकाने आलेल्या दोन बोलींपैकी एकच टिकते. पण वाचनाचे टेबल या इव्हेंटवरून मागाहून भरते. व्यापाऱ्याला पडद्यावर जुनाच भाव दिसतो आणि तो पुन्हा बटण दाबतो.

सुरुवातीचा उपाय पोलिंगचा, म्हणजे ‘काही बदलले का?’ असे सतत विचारण्याचा: शंभर मोबाइल दर दोन सेकंदांनी विचारतात, म्हणजे सेकंदाला ५० विनंत्या, बहुतेक फुकट. दरम्यान बदलांचा प्रवाह हाताळणारी मायक्रोसॉफ्टची आरएक्स लायब्ररी (२००९), सर्व्हरशी दुतर्फा जोडणी उघडी ठेवणाऱ्या वेबसॉकेटचे मानक (२०११) आणि घेणाऱ्याला झेपेल तेवढेच मागू देणारे रिॲक्टिव्ह स्ट्रीम्स (२०१५) आले. २०१७ मध्ये जावा ९ आणि जावाची फ्रेमवर्क स्प्रिंग ५ यांनी तेच स्वीकारले. त्यातून सबस्क्रिप्शन क्वेरी शक्य झाली: आधी सद्यस्थिती, मग फक्त बदल.

इथे क्रम चुकतो तो असा. आधी स्थिती वाचून मग सबस्क्राइब केले, की मधली बोली हरवते, आणि ही चूक गर्दी असल्याशिवाय दिसतही नाही. आधी सबस्क्राइब करावे, येणारे बदल बफरमध्ये धरावेत, मग स्थिती वाचून तिच्या अनुक्रमांकापर्यंतचे बदल टाकून द्यावेत. प्रोजेक्शनने, म्हणजे इव्हेंटवरून वाचनाचे टेबल भरणाऱ्या कोडने, कुठवर वाचले तो आकडा टेबलातल्या बदलासोबत एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहावा, नाहीतर सर्व्हर पडल्यावर तीच बोली दोनदा मोजली जाते.

जुने इव्हेंट पुन्हा चालवून प्रोजेक्शन नव्याने उभारताना एसएमएस पाठवणारा हँडलर बंद ठेवावा. नाहीतर गेल्या हंगामातल्या पट्ट्यांचे मेसेज शेतकऱ्यांना पुन्हा जातात. आणि बदल पाठवायला सर्व्हर-सेंट इव्हेंट (उघड्या एचटीटीपी जोडणीवरून सर्व्हरकडून एकतर्फी येणारे संदेश) वापरत असाल तर मध्ये असलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे बफरिंग त्या मार्गावर बंद करा. तिथे वाचनाची मुदत मुळात ६० सेकंदांची असते, तेवढ्यात काहीच आले नाही तर जोडणी तुटते, म्हणून दर १५-२० सेकंदांनी एक रिकामी कॉमेंट ओळ पाठवत राहावी.