डावं निलय, उजवं निलय: भिंत वेगळी, रक्त तेवढंच

हृदयाची आडवा छेद दिलेली आकृती पाहिली की खालचे दोन कप्पे लगेच नजरेत भरतात. एकाची भिंत चांगली जाडजूड, साधारण १ सेंटिमीटर. दुसऱ्याची जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर. जाड ते डावं निलय, पातळ ते उजवं. (काही पुस्तकांत यांनाच जवनिका म्हटलेलं असतं.) मग आपण सहज धरून चालतो की डावं अख्ख्या शरीराला पुरवतं म्हणजे ते जास्त रक्त ढकलत असणार, आणि उजव्याला फक्त फुप्फुसं सांभाळायची, म्हणून त्याचं काम थोडकं.

इथेच गफलत होते. विश्रांतीच्या वेळी दोन्ही निलयं दर ठोक्याला सारखंच, सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे पाठवतात. मिनिटाला साधारण ५ लिटर. दुसरं काही शक्यच नाही, कारण वाट एकच आहे: उजव्याने फुप्फुसांत धाडलेलं रक्तच पुढे डाव्याच्या वाट्याला येतं. समजा, उजव्याने दर ठोक्याला फक्त १ मिलिलिटर जास्त ढकललं. मिनिटाला ७० ठोके धरले तर तासाभरात ४.२ लिटर रक्त फुप्फुसांत तुंबेल, आणि मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तच मुळी ५ लिटरच्या आसपास! हा हिशेब बिघडत नाही, कारण स्नायू जितका ताणला जातो तितका जोराने आकुंचन पावतो. आत जास्त आलं की जास्तच बाहेर जातं. फ्रँक आणि स्टार्लिंग या दोन शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

मग भिंतींत एवढा फरक का? दाबामुळे. आकुंचनाच्या वेळी डाव्या निलयातला दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरपर्यंत चढतो; उजव्यातला २५ च्या आसपास थांबतो. फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांची भिंत इतकी तलम असते, की तिथे डाव्याएवढा दाब गेला तर रक्तातलं पाणी झिरपून वायुकोशांत शिरेल. म्हणजे उजव्याचा हलका हात हा त्याचा कमकुवतपणा नव्हे, तीच तिथली गरज आहे.

पिळण्याची तऱ्हाही निराळी. डाव्याची पोकळी छेदात गोल दिसते आणि त्याचे स्नायुतंतू तिरके वळसे घेत जातात, त्यामुळे ते ओला कपडा पिळावा तसं पिळलं जातं. उजवं चंद्रकोरीसारखं डाव्याला बिलगलेलं असतं. त्याची बाहेरची भिंत मधल्या पडद्याकडे दबते, भात्यासारखी. तो पडदा दोघांचा सामाईक खरा, पण तो उजवीकडे फुगलेला असतो, म्हणजे वागतो डाव्याच्या भिंतीसारखाच.

‘डावं-उजवं’ ही नावंही जरा फसवीच. आकृती समोरच्या माणसाची, म्हणून तिच्यात डावं निलय आपल्या उजव्या हाताला दिसतं, ते ठीक. पण प्रत्यक्ष छातीत उजवं निलय बरंचसं पुढे, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) मागे असतं आणि डावं त्याच्या मागे डावीकडे.

जन्माच्या वेळी मात्र दोघांच्या भिंती जवळपास सारख्याच जाड असतात. गर्भात फुप्फुसं बंदच असल्यामुळे उजव्यालाही भारी दाबाविरुद्ध राबावं लागतं. पहिल्या श्वासानंतर फुप्फुसांतला अडथळा उतरतो आणि पुढच्या काही आठवड्यांत डावं पुढे निघून जातं.

थकल्यावर दोघं वेगवेगळी चिन्हं दाखवतात. डावं थकलं तर रक्त फुप्फुसांत साचून आडवं पडल्यावर दम लागतो. उजवं थकलं तर पायांवर सूज येते, यकृत जड होतं. आणि उजवं थकण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे आधी थकलेलं डावं: मागे तुंबलेला दाब फुप्फुसांतून मागे सरत त्याच्यापर्यंत येतो, आणि पातळ भिंतीला तो पेलत नाही.