नाकाचा मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा

घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे यांच्याशी नाते असलेल्या पेशींपासून होणारा त्वचेचा एक दुर्मीळ कर्करोग. स्वतंत्र रोग म्हणून त्याचे वर्णन १९८२ मध्ये झाले. वरचा ओठ, नाक आणि नाकपुडीलगतची घडी ही त्याची नेहमीची ठिकाणे. त्वचेच्याच रंगाचा किंवा पिवळसर, टणक चट्टा दिसतो. तो बहुधा दुखत नाही, चिघळतही नाही. तो इतका सावकाश वाढतो की वर्षानुवर्षे जुना वण समजून त्याकडे दुर्लक्ष होते. त्या जागी बधिरपणा, मुंग्या किंवा जळजळ असेल तर ती गांभीर्याने घ्यावी, कारण हा रोग चेतातंतूंच्या कडेने पसरतो.

निदानात फसगत होते ती वरवरच्या बायॉप्सीमुळे. त्वचेच्या वरच्या थरात केराटिन या त्वचेतल्या कठीण प्रथिनाने भरलेल्या बारीक गाठी दिसतात, पेशीही शांत दिसतात, आणि सिरिंगोमासारख्या निरुपद्रवी गाठीचा अहवाल येतो. रोगाची खरी ओळख खोलवरच्या थरांत पटते: घट्ट तंतुमय ऊतीत शिरलेल्या पेशींच्या अरुंद रांगा आणि चेतातंतूंभोवती पडलेला त्यांचा वेढा. त्यामुळे त्वचेखालच्या चरबीपर्यंत पोहोचणारा नमुना घेणे अत्यावश्यक ठरते.

रोग डोळ्यांना दिसतो त्याहून पुष्कळ दूरवर पसरलेला असतो. म्हणून शक्य तेथे मोह्‌ज शस्त्रक्रिया पसंत केली जाते. फ्रेडरिक मोह्‌ज यांनी १९३० च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. आज बहुधा स्थानिक भूल देऊन बशीच्या आकाराचा पातळ थर काढतात, त्याच्या कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई लावून नकाशा आखतात आणि थर गोठवून त्याची संपूर्ण कड व तळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. जिथे पेशी उरल्या असतील, नेमका तिथलाच पुढचा थर घेतला जातो. रुग्ण जखमेवर पट्टी बांधून तासन्‌तास थांबतो. हा वेळ सार्थकी लागतो, कारण कडा रोगमुक्त होण्याआधी नाकाची पुनर्रचना करणे म्हणजे उरलेला रोग झाकून ठेवणे.

जखम मोठी असल्यास कपाळावरची त्वचा रक्तवाहिनीसह वळवून नाकावर बसवतात. आधारासाठी कानाची कूर्चा वापरतात आणि साधारण तीन आठवड्यांनी जोडणारा देठ कापतात. आतले अस्तर गेले असेल, तर तेही नव्याने द्यावे लागते.

हा रोग शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, पण त्याच जागी अनेक वर्षांनीही उलटू शकतो. त्यामुळे तपासण्या दीर्घकाळ चालू ठेवतात. प्रत्येक वेळी वण बोटांनी चाचपतात आणि संवेदना बदलली आहे का, हे विचारतात.