बीसीजीचा व्रण म्हणजे जन्मभराचं कवच नव्हे

“हातावर बीसीजीचा व्रण आहे, मग क्षयरोग कसला होतोय?” हा समज चुकीचा आहे. केनियात क्षयरोगावरची ही बीसीजी लस जन्मल्यावर लगेच डाव्या हाताला कोपराखाली, त्वचेच्या आतच ०.०५ मिली टोचतात (आपल्याकडे दंडावर). सुई खोल गेली तर गळू होऊ शकतं. लस तान्ह्यांना मेंदूच्या क्षयापासून बऱ्यापैकी वाचवते. प्रौढांच्या फुप्फुसांच्या क्षयापुढे तिचा भरवसा नाही.

म्हणूनच एम७२ या नव्या लसीची चाचणी केनिया, झांबिया, दक्षिण आफ्रिकेत झाली. अंगात सुप्त जंतू असलेल्या, एचआयव्ही नसलेल्या प्रौढांना महिन्याच्या अंतराने २ डोस. ३ वर्षांत लसवाल्या गटात १३ रुग्ण, जवळपास तेवढ्याच मोठ्या नकली डोसच्या गटात २६. म्हणजे संरक्षण निम्मंच, आणि मोठी चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. खोकला २ आठवडे टिकला, तर व्रण न बघता थुंकी तपासा.