गोचीड ताप: कुत्रा जेवायला लागला म्हणून गोळ्या थांबवू नका
"ताप उतरला, शेपूट हलवतोय, आता गोळ्या कशाला? उगीच लिव्हर खराब होईल." हे ऐकलं की जीव कळवळतो. गोचीड तापात, म्हणजे एर्लिकिया या जंतूच्या आजारात, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केल्यावर एक-दोन दिवसांत कुत्रा उठतो, पोळी मागतो. पण जंतू पांढऱ्या पेशींच्या आत दडून असतो, म्हणूनच कोर्स साधारण 28 दिवसांचा. अर्धवट सोडलात तर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, तो डोकं वर काढू शकतो: हिरड्या पांढऱ्याफटक, पोटावर लाल ठिपके, नाकातून रक्त. गोळीने उलटी होते? मनाने बंद करू नका. जेवणासोबत द्या, वर पाणी पाजा, डॉक्टरांना फोन करा. आणि रोज कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा.