फुप्फुसात शिल्लक राहिलेल्या निरोगी पेशी

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या पन्नाशी-साठीतल्या एखाद्याला बिडी-सिगारेट सोडा म्हणून बघा. उत्तर ठरलेलं असतं, "आता सोडून काय उपयोग? व्हायचं ते होऊन गेलंय." हा समज खोटा आहे, आणि त्याने माणसं मरतात.

धुरात सात हजारांवर रसायनं असतात, त्यांतली सुमारे ७० कर्करोगकारक. त्यांपैकी बेंझोपायरिन शरीरात रूप बदलून पेशीच्या डीएनएला चिकटतं. पी५३ हे जनुक बिघडलेल्या पेशीला वाढू देत नाही. नेमकं त्याच्यावर बेंझोपायरिन जिथे चिकटतं, तिथेच फुप्फुसाच्या कर्करोगात बिघाड सापडतात.

मग सोडल्यावर काय होतं? २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी १६ जणांच्या श्वासनलिकेतली एकेक पेशी वेगळी वाढवून तिचा डीएनए वाचला. ओढणाऱ्यांच्या बहुतेक पेशींत हजारो जादा बदल होते. पण ज्यांनी ओढणं सोडलं होतं, त्यांच्यात जवळपास निरोगी पेशी ओढणाऱ्यांच्या चौपट निघाल्या, काहींत तर एकूण पेशींच्या ४० टक्क्यांपर्यंत. बिघडलेल्या पेशी दुरुस्त झालेल्या नव्हत्या. धुरातून वाचलेल्या थोड्या पेशी वाढून त्यांची जागा घेत असाव्यात, असा संशोधकांचा अंदाज आहे. मला हे फार दिलासा देणारं वाटतं.

ब्रिटिश संशोधक रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून तिथल्या डॉक्टरांच्या धूम्रपानावर आणि आयुष्यावर ठेवलेली नजर पन्नास वर्षं चालली. तिशीत सोडणाऱ्यांचं आयुष्य सुमारे दहा वर्षांनी वाढलं, साठीत सोडणाऱ्यांचंही तीन वर्षांनी.

"दिवसाला दोनच ओढतो" यावर विसंबू नका. फुप्फुसाच्या कर्करोगात किती ओढली यापेक्षा किती वर्षं ओढली हे जास्त महत्त्वाचं. निपाणीचा तंबाखू आपल्या शेजारचा, म्हणून बिडी सौम्य, असंही नाही. ती विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा आणि जोरात झुरके घ्यावे लागतात. आणि बिडी सोडून मावा किंवा मिश्री धरली, तर तोंडाच्या कर्करोगाला वाट मोकळी होते.

सोडल्यावर पहिले काही दिवस जड जातात, पण तलफेची एकेक लाट काही मिनिटांतच ओसरते. निकोटिन गम मेडिकलमध्ये मिळतो. तो च्युइंगमसारखा चघळायचा नाही. थोडा चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचा, कारण निकोटिन तिथूनच रक्तात जातं. गिळलं तर मळमळतं. सल्ल्यासाठी सरकारचा मोफत क्रमांक आहे: १८००-११-२३५६.