आयसी आणि बीसी: ओझोन आत आधीपासूनच होता की नंतर बाहेरून आला?

डब्ल्यूआरएफ-केम किंवा सीमॅक, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा हिशोब करणारी कॉम्प्युटर मॉडेलं, नवीन शिकणारी पोरं "आयसीबीसी" हा एकच शब्द असल्यासारखं बोलतात, आणि त्यात त्यांचा दोष पण नाही म्हणा, कारण मोझबीसी सारखं टूल एकाच ग्लोबल मॉडेलच्या, म्हणजे सगळ्या जगाचा हिशोब करणाऱ्या मॉडेलच्या, फाईलमधून दोन्ही भरून देतं. पण भरतं दोन वेगळ्या ठिकाणी. इनिशियल कंडिशन (आयसी) जाते डब्ल्यूआरएफ-इनपुट फाईलमध्ये, म्हणजे रन सुरू होताना डोमेनच्या (मॉडेल जेवढ्या भागाचा हिशोब करतं त्याच्या) प्रत्येक खोक्यात किती ओझोन आहे ते, एकदाच. बाउंडरी कंडिशन (बीसी) जाते डब्ल्यूआरएफ-बीडीवाय मध्ये, फक्त चारी कडांवर, पण पूर्ण रनभर, साधारण दर सहा तासांनी नवीन आकडे. एसटी डेपोतून निघताना आत बसलेले प्रवासी आणि वाटेत चढत राहणारे, एवढाच फरक.

आता हा फरक ओझोनला जास्त का लागतो? जमिनीलगत ओझोन लवकर मरतो, रात्री गाड्यांचा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो, उरलेला झाडामातीवर बसतो. पण दोन-चार किमी वर तोच ओझोन काही आठवडे टिकतो. आणि वर वारा सेकंदाला २० मीटर असेल तर दिवसाला १७०० किमीच्या वर जातो, म्हणजे १५०० किमीचं डोमेन एका दिवसात पार! मग सुरुवातीला भरलेली हवा गेली दुसऱ्या टोकाने बाहेर, आणि आत जी आहे ती सगळी कडेवरून आलेली. म्हणून स्पिन-अपचे, म्हणजे रनचे सुरुवातीचे, चार-पाच दिवस टाकून दिले की आयसीची चूक बरीचशी धुऊन जाते. बीसीची जात नाही, महिनाभर स्पिन-अप दिलात तरी नाही, ती रोज नव्याने आत येते.

आकड्यात बघा. आपल्याकडे ओझोनची आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे साधारण ५० पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत ५०). कडेवरूनच ३५-४० येत असेल तर शहराच्या स्वतःच्या धुराला जागा उरली किती?

डब्ल्यूआरएफ-केममध्ये 'हॅव्ह_बीसीएस_केम' (बाहेरून दिलेली बीसी वापरायची की नाही हा फ्लॅग) फॉल्स ठेवलं तर मॉडेल काही एरर देत नाही, गुपचूप कोडमध्येच लिहिलेली ठरावीक प्रोफाइल (कुठल्या उंचीवर किती ओझोन याची यादी) वापरतं, आणि ती आहे उत्तर गोलार्धातल्या मध्य अक्षांशाच्या स्वच्छ हवेची. जुलैत मुंबई-पुण्यासाठी रन करताय, वारा अरबी समुद्रावरून येतोय, समुद्री मान्सूनच्या हवेत ओझोन खूप कमी असतो, आणि तुम्ही पश्चिमेच्या कडेवर दुसऱ्याच हवामानाची हवा लावून ठेवली. मग पावसाळ्यात मॉडेल जास्त दाखवतं म्हणून लोक एमिशन इन्व्हेंटरीला (कुठून किती धूर निघतो त्या यादीला) शिव्या घालत बसतात. त्याच वेळी पूर्वेच्या कडेवर हवा बाहेर जातेय, तिथे काहीही लिहा, फारसा फरक नाही. हिवाळ्यात वारा फिरला की हिशोब उलटा.

बरं, ग्लोबल मॉडेलची बदलती बीसी लावली म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवा अंदाजासाठी सीमॅकमध्ये ठरावीक प्रोफाइलच्या जागी वेगवेगळ्या ग्लोबल मॉडेलच्या बीसी लावून पाहिल्या गेल्या, आणि ओझोनसोंडच्या, म्हणजे ओझोन मोजत वर जाणाऱ्या, फुग्यांशी ताडल्या. चढउतार बरे पकडले जातात पण ग्लोबल मॉडेलचा स्वतःचा बायस (सतत जास्त किंवा सतत कमी दाखवायची खोड) पण आयता मिळतो. त्यात ट्रोपोपॉजजवळ, म्हणजे आपल्या हवामानाच्या थराच्या वरच्या टोकाशी, ओझोन शेकड्यांनी पीपीबी, त्याच्या वर हजारांनी. तिथे मॉडेलचे थर जाडे असतील तर तो ओझोन प्रत्यक्षात नसलेल्या वाटेनेही मॉडेलमध्ये खाली झिरपतो आणि जमिनीवर फुकटचा ओझोन वाढतो. म्हणून वरच्या सीमेचा विचार वेगळा करायचा, कडांबरोबर उरकायचा नाही.

रोजच्या फोरकास्टमध्ये मात्र गंमत होते, आयसी आणि बीसी एकमेकांत मिसळतात. 'केम_इन_ऑप्ट' एक ठेवून कालच्या रनची फाईल दिली की आजची आयसी म्हणजे कालच्या रनचा चोविसावा तास, आणि त्यात जो ओझोन आहे तो गेल्या काही दिवसांत कडेवरूनच आलेला. म्हणजे बीसी चुकीची असेल तर आयसीसुद्धा तीच चूक घेऊन उठते, आणि एक दिवस ग्लोबल मॉडेलमधून ताजी आयसी घेतलीत तर आकडा दोनेक दिवस सुधारल्यासारखा वाटतो, मग पुन्हा तिथेच. असं दिसलं तर आधी नेमलिस्ट (सेटिंग्जची फाईल) उघडून बाहेरच्या डोमेनचा 'हॅव्ह_बीसीएस_केम' फ्लॅग बघा. आतल्या नेस्टला (मोठ्या डोमेनच्या पोटातल्या लहान डोमेनला) फॉल्सच असतं, त्याला बीसी बाहेरचं डोमेन देतं, तिथे ट्रू करायला जाऊ नका.